पंपवाल्याचा बिल्ला

"वर आलात? मग बिल्ला काढा."

आर्वो काँगास हे वाक्य कुणालाही ऐकवत. जेवून टेबलावरून उठणाऱ्याला, सौनाच्या वाफेतून लालबुंद होऊन बाहेर येणाऱ्याला, बँकेच्या खिडकीसमोर काम झाल्यावरही रेंगाळणाऱ्याला. बायकोला पुरून चर्चच्या पायऱ्या उतरतानाही ते हेच पुटपुटले होते, असं वाचनालयवाल्या हिल्माला आठवतं. तेव्हा ती त्यांच्या मागच्याच पायरीवर होती. कुणाला उद्देशून म्हणाले ते तिला कळलं नाही, आणि विचारायची ती वेळही नव्हती.

वाक्य खाणीतलं होतं. सॉरेल बे गावाच्या मागच्या टेकडीत तांब्याची खाण होती. खाली उतरणारा प्रत्येक माणूस आपल्या नंबराचा पितळी बिल्ला फळीवरच्या खिळ्याला अडकवायचा आणि वर आला की काढून खिशात टाकायचा. फळीवरचे माणसांचे सगळे नंबर उतरले की मगच खाली सुरुंग उडवायचे. एकदा एकजण बिल्ला न काढताच घरी गेला. चार माणसं त्याला शोधायला पुन्हा खाली उतरली, त्यातल्या एकाचा पाय दगडाखाली सापडून कायमचा गेला, आणि ज्याला शोधत होते तो घरात स्टोव्हपाशी बसून पास्टी, म्हणजे मांस-बटाट्याची मोठी करंजी, खात होता. शोधायला गेलेल्यांत तरुण आर्वो होते. तेव्हापासून त्यांनी बिल्ल्याची गोष्ट हसण्यावारी नेली नाही.

खाण बंद पडली. फळी भंगारात गेली. आर्वोंचा बिल्ला मात्र त्यांच्या खिशात राहिला, आणि पुढे गावच्या वाचनालयात, जिन्याखालच्या कोनाड्यात, त्यांनी त्याच्यासाठी एक खिळा ठोकला. त्या कोनाड्यात गावचा सर्व्हर होता.

सर्व्हर म्हणजे साधा जुना संगणक. खाण सुटल्यावर आर्वोंनी पुस्तकं वाचून, चुका करून, चुका निस्तरून हे काम स्वतःच शिकून घेतलं होतं. त्या संगणकावर गावचं इंटरनेटवरचं बर्फाचं पान होतं. हिवाळ्यात खाडी गोठली की मासे धरणारे लोक बर्फावर टपऱ्या ओढून नेत, भोक पाडून बर्फ किती जाड आहे ते मोजत, आणि परत आल्यावर पानावर लिहीत: कुठल्या टपरीपाशी किती इंच, कुठे तडा, कुठे बर्फाखालून पाणी वर आलंय. आर्वोंनी लिहिलेली एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, ते सगळं गोळा करून नकाशावर मांडायची. बर्फावर पाय ठेवण्याआधी माणसं आधी पान बघत, मग आकाश.

वाचनालय हिल्मा सांभाळायची. पुस्तकं, हीटर, शौचालयाची किल्ली आणि आर्वो, असा तिचा एकूण संसार. बारीक चणीची, कायम दोन स्वेटर घालणारी, आणि स्वभावानं अशी की कुठलीही गोष्ट नीट समजल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. त्या वर्षीच्या हिवाळ्यात मात्र तिला बरंच बेचैन राहावं लागलं.

शरद ऋतूच्या शेवटी जुना संगणक एकदा गुरगुरला आणि कायमचा गप्प झाला. गावानं नवा घेऊन दिला. आर्वोंनी त्यावर पानं दाखवणारा नवा सर्व्हर-प्रोग्रॅम बसवला आणि पहिल्याच आठवड्यात डोक्याला हात लावला.

"हा काम करत नाही," ते हिल्माला म्हणाले.

"बिघडलाय?"

"छे! ठणठणीत आहे. पण स्वतः काम करत नाही. जुना कसा होता? तोच दार उघडायचा, तोच स्वयंपाक करायचा. हा नुसता खिडकीवर बसतो. गिऱ्हाईक आलं की म्हणतो, थांबा, आत सांगतो. आतलं स्वयंपाकघर, म्हणजे माझी स्क्रिप्ट चालवणारा भाग, आपण वेगळं चालू करून द्यायचं. त्यानं ताट भरून दिलं की हा खिडकीतून पुढे सरकवणार."

"म्हणजे एकटा करायचा ते काम आता दोघांना वाटून दिलं?"

"हो."

"का?"

आर्वोंनी टोपी मागे सरकवली. "ते लिहिलंय बनवणाऱ्यांनी. मी वाचलंय. वाचताना पटतं."

सुरुवातीला खिडकीवाल्याला स्वयंपाकघराचा पत्ताच सापडेना. मग त्यानं भलतंच केलं. स्क्रिप्ट चालवण्याऐवजी त्यानं स्क्रिप्टचा मजकूरच जसाच्या तसा गावाला दाखवला. सकाळी लोक पान उघडतात तो बर्फाचा पत्ता नाही. नुसते कंस, डॉलरची चिन्हं आणि आर्वोंनी स्वतःसाठी लिहून ठेवलेले शेरे. त्यातला एक होता, 'एन्सिओ नेहमी दोन इंच वाढवून सांगतो, वजा करणे.'

एन्सिओ म्हणजे हिल्माचा धाकटा भाऊ. त्या दिवशी तो बुटांचा बर्फ झटकत वाचनालयात शिरला तोच ओरडत.

"ए म्हाताऱ्या! माझे दोन इंच तू कापतोस? इतकी वर्षं?"

"वाढवतोस म्हणून कापतो," आर्वो कोनाड्यातून म्हणाले. "मासाही कापला असता, पण तो कधी कुणाला दाखवतच नाहीस."

"हिल्मा, ऐकतेस ना? सगळ्या गावानं वाचलं ते!"

"वाचलं," हिल्मा म्हणाली. "बऱ्याच दिवसांनी गाव काहीतरी मन लावून वाचत होतं. मी मध्ये पडले नाही."

पुढे ते दुरुस्त झालं. मग खिडकीवाला म्हणू लागला, मागून उत्तर येत नाही. पडद्यावर मोठा आकडा आणि त्याखाली एक थंड ओळ. खिडकी उघडी आहे, माणूसही बसलाय, पण आत हाक मारली तर कुणी ओ देत नाही, असा त्याचा अर्थ. आर्वो दिवस दिवस कोनाड्यात बसले. शेवटी एका दुपारी ते बाहेर आले, पाठ सरळ केली आणि म्हणाले, "चाललं."

हिल्मानं आपल्या टेबलावरच्या संगणकावर पान उघडलं. नकाशा आला. टपऱ्या आल्या. एन्सिओचे इंचही आले, दोन कमी होऊन.

तिनं वेलचीचा निसू पाव कापला, दोघांनी कॉफी घेतली. मग आर्वोंनी सर्व्हरवरून लॉगआउट केलं, खिळ्यावरचा बिल्ला काढून खिशात टाकला, टोपी कानांवर ओढली आणि ते घरी गेले. थोड्या वेळानं हिल्मानं सहज पुन्हा पान उघडलं.

मागून उत्तर येत नाही.

तिनं फोन लावला. आर्वो बर्फ तुडवत परत आले. आधी बिल्ला खिळ्याला लावला, कारण बिल्ला लावल्याशिवाय ते कशालाच हात लावत नसत, मग खुर्चीत बसले, आपल्या नावानं आत शिरले, आणि कोनाड्यातून आवाज दिला, "अगं, चालतंय की!"

हिल्मानं पुन्हा पाहिलं. चालत होतं.

"आत्ता बंद होतं," ती म्हणाली.

"असेल."

"असेल नाही, होतंच. मी वाचलं."

"हिल्मा, मी कशाला हातसुद्धा लावलेला नाही. येऊन बसलो फक्त."

ते गेले. पान मेलं. बोलावलं, आले, बसले. पान जिवंत. दुसऱ्या दिवशी तेच, त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. हिल्माला स्वतःच्या डोळ्यांचा भरवसा वाटेनासा झाला. तिनं चष्मा बदलून पाहिला. आर्वोंना आधी तिच्या संगणकाचा संशय आला, मग हीटरचा, मग झाडूवाल्या बाईच्या यंत्राचा, मग वाचनालयाच्या छपरावर साचलेल्या बर्फाचा. छपरावरचा बर्फ एन्सिओनं ओढून काढला. काही फरक पडला नाही. संगणक बंद करून पुन्हा चालू केला. आर्वो आत शिरले, पान चालू. आर्वो गेले, पान गेलं.

"त्याला तुझी सवय झालीय," एन्सिओ म्हणाला. "आमच्या कुत्रीचं असंच होतं. मी घरी असलो तरच जेवायची."

"मग काय केलंस?" आर्वोंनी विचारलं.

"काय करणार? कुठे गेलोच नाही चौदा वर्षं."

हे एन्सिओ हसत बोलला, पण हिल्मा हसली नाही. कारण आर्वोंना जायचंच होतं. त्यांचे दोन्ही गुडघे संपले होते. मिलवॉकीला त्यांची मुलगी करीन राहायची. तिनं शस्त्रक्रियेची तारीख घेतली होती आणि त्यानंतर 'बघू' असं म्हटलं होतं. त्या 'बघू'चा अर्थ गावात सगळ्यांना कळत होता. मार्च लागला की करीन गाडी घेऊन येणार. आणि मार्चमध्येच तर बर्फ फसवा होतो. वरून पांढरा, आतून कुजका.

फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी एन्सिओनं घरी पान उघडलं. मागून उत्तर नाही. त्यानं खांदे उडवले आणि आदल्या दिवशीच्या आठवणीवर खाडीत उतरला. रात्रीत वारा फिरला होता. मोठ्या तड्यापाशी तो कमरेपर्यंत आत गेला. हातात कुदळ होती, ती आडवी टाकून कसाबसा बाहेर आला आणि घरी न जाता थेट वाचनालयात आला, कारण तेच जवळ होतं. त्याची पँट लाकडासारखी कडक झाली होती. चालताना खडखड वाजत होती.

हिल्मानं त्याला हीटरपाशी बसवलं, स्वतःचा एक स्वेटर काढून त्याच्या पायांवर टाकला.

"तड्याचं कुणी लिहिलं नव्हतं का?" तिनं विचारलं.

"लिहिलं होतं. त्या पलीकडच्या टपरीवाल्यानं काल संध्याकाळीच लिहायला घेतलं होतं, म्हणे. पानच उघडेना, तर लिहिणार कुठे? कपाळावर?"

आर्वो कोनाड्याच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. बिल्ल्याला उगाच हात लावून तो सरळ केला.

दुपारी ट्रेव्हॅरो आला. तो गावचा कारभारी. त्याचे पूर्वज इंग्लंडच्या टोकाकडून खाणीसाठी आलेले, आर्वोंचे फिनलंडहून; त्यामुळे दोन्ही घराण्यांत कामावरून वाद घालण्याची तीन पिढ्यांची सवय होती.

"आर्वो, तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे," तो म्हणाला.

"म्हणजे वाईट बातमी आहे."

"पान कधी चालतं, कधी नाही, हे सगळ्यात वाईट. कायमचं बंद असलं तर लोक दुसरी सोय करतील. तुम्ही जाल त्या दिवशी ते तुमच्याशिवाय चालत असेल, तर राहू द्या. नाहीतर मी ते काढून टाकतो आणि धक्क्यावर पाटी लावतो, 'आपापल्या जबाबदारीवर'."

"पाटी बर्फ मोजत नाही."

"पाटी बंदही पडत नाही."

हिल्माला वाटलं, आर्वोंनी काहीतरी झणझणीत बोलावं. ते खाली बघत राहिले, आणि तिला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले.

त्या शनिवारी वाचनालयाच्या तळघरात पास्टीविक्री होती. छप्पर दुरुस्तीसाठी बायका सकाळपासून कणीक लाटत होत्या, बटाटा, कांदा, सलगम आणि मांस भरत होत्या. भट्टीतला एक ट्रे काढायचा राहिला. धुराची घंटा अशी ठणाणा वाजू लागली की सगळे हातातलं टाकून बाहेर पळाले. आर्वो कोनाड्यात बसले होते. एन्सिओनं त्यांना अक्षरशः बगलेला धरून बाहेर आणलं. बाहेर हाडं फोडणारी थंडी, आणि म्हातारबुवा नुसत्या शर्टात. एन्सिओनं त्यांना आपल्या ट्रकमध्ये बसवलं आणि सरळ घरी नेऊन सोडलं.

आग वगैरे काही नव्हती. पास्टी तेवढ्या कोळसा झाल्या. धूर गेल्यावर हिल्मा आत आली, खिडक्या लावल्या, आणि सवयीनं, काही आशा न ठेवता, तिनं बर्फाचं पान उघडलं.

चालू होतं.

ती पुन्हा पुन्हा बघत राहिली. चालूच. आर्वो घरी, गुडघ्यांना गरम पिशवी लावून बसलेले, आणि पान चालू. दुसऱ्या दिवशी चर्च सुटल्यावर ती मुद्दाम कुलूप उघडून आत गेली. तरीही चालू. आता मात्र ती पुरती गोंधळली. बंद पडायचं तेव्हा का पडतं हे कळत नव्हतं. आता बंद का पडत नाही हेही कळेना. ती कोनाड्यात डोकावली. पडदा काळा होता. खिळ्यावर पितळी बिल्ला लटकत होता.

तिनं फोन केला. "आर्वो, एक चमत्कार झालाय. पान कालपासून चालू आहे. तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. मला ओढून नेलं. मी कुठे काय..." तिकडे खुर्ची करकरली. "हिल्मा, माझा बिल्ला कुठे आहे?"

"इथेच. खिळ्यावर."

"कालपासून?"

"हो, पण मी पानाबद्दल..."

फोन ठेवल्याचा आवाज आला. काही वेळातच आर्वो दारात उभे. कोटाची बटणं वरखाली लागलेली, चेहरा पडलेला, जणू कुणाचा तरी पाय त्यांच्यामुळे दगडाखाली गेला होता. हिल्माकडे न बघता ते कोनाड्यात गेले, पडदा जागा केला, लॉगआउट केलं आणि बिल्ला काढून मुठीत घट्ट धरला.

"आता ठीक," ते म्हणाले.

हिल्माच्या टेबलावर पान उघडं होतं. तिनं ते पुन्हा मागवलं. मागून उत्तर येत नाही.

ती सावकाश उठली. "आर्वो, तो बिल्ला परत लावा."

"का?"

"विचारू नका. लावा."

त्यांनी लावला. तिनं पाहिलं. पान बंदच.

"बिल्ल्यानं नाही झालं," ती स्वतःशीच म्हणाली. तिला जरा लाज वाटली. वाचनालय चालवणारी बाई आपण, आणि पितळेच्या तुकड्याला हात जोडायला निघालो. "मग आता आत शिरा. तुमच्या नावानं."

आर्वो आत शिरले. पान जिवंत झालं.

"बाहेर पडा."

मेलं.

हीटर कुरकुरत होता. मग आर्वो खुर्चीत हळूहळू बसले, जणू खुर्ची कुठे आहे ते त्यांना नक्की माहीत नव्हतं.

"मी स्वयंपाकघर सुरू करायची आज्ञा यादीत लिहिली होती," ते म्हणाले. "संगणक चालू झाला की काय काय सुरू करायचं, त्या यादीत. निदान मला तसं वाटलं. ती यादी संगणकाची नाही गं. ती माझी आहे. मी आलो की काय सुरू करायचं, ती. आतलं स्वयंपाकघर माझ्या नावावर खाली उतरतं. आणि मी वर आलो, बिल्ला काढला..."

"की तेही वर येतं."

"येणारच. माझ्याच नंबरावर गेलेलं. मी शिकवलंय तसंच वागतंय ते बिचारं."

सोमवारी एन्सिओला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. "म्हणजे गावात तू एकटाच उठताना लॉगआउट करतोस, म्हणून हे झालं! मी आयुष्यात कधी केलं नाही. आता सोपं आहे. करूच नकोस. तसाच जा मिलवॉकीला."

हिल्मालाही मनातून तेच वाटत होतं. "खरंच, आर्वो. काय हरकत आहे? पडदा बंद करून ठेवू."

"नाही."

"अहो, पण पान चालेल!"

"माझं नाव आत आणि मी मिलवॉकीत? मी वर आलोय, आणि फळी म्हणतेय खाली आहे? नाही." मग जरा नरम आवाजात म्हणाले, "आणि एकदा वीज गेली की? इथे वीज काय विचारून जाते? संगणक पुन्हा उठेल. मी उठवायला असेन का? खिडकीवाला बसेल हाका मारत. आणि हा उतरेल बर्फावर." त्यांनी हनुवटीनं एन्सिओकडे खूण केली. एन्सिओचं हसू थांबलं.

हे खरं होतं. पण मग दुसरं काय करायचं, हे कुणालाच माहीत नव्हतं. आर्वो दिवसभर पडद्यासमोर बसून राहिले. हिल्मानं ठेवलेली कॉफी तशीच गार झाली. करीनचा फोन आला, शनिवारी निघते म्हणाली.

संध्याकाळी वाचनालय बंद करताना एन्सिओ हिल्माला न्यायला आला. कोनाड्याकडे बघत तो सहज म्हणाला, "काय रे म्हाताऱ्या, खाणीत रविवारी सगळ्यांचे बिल्ले निघाले की खाली कुणीच नसायचं? मग पाणी कोण उपसायचं?"

"पंपवाला," आर्वो म्हणाले.

"आणि त्याचा बिल्ला?"

"तो निघायचा नाही. पंपाचा बिल्ला वेगळा. त्यावर नंबर नव्हता, माणसाचं नाव नव्हतं. आज कोणी, उद्या कोणी. माणूस बदलायचा, बिल्ला तिथेच. पंपाला स्वतःचंच..." ते बोलता बोलता थांबले. मग एन्सिओकडे असे बघू लागले की तो मागे सरकला.

"काय झालं? मी काय बोललो?"

"काही नाही. तू घरी जा. हिल्मा, उद्या लवकर उघडशील?"

दुसऱ्या दिवशी आर्वोंनी संगणकावर एक नवा रहिवासी तयार केला. माणूस नाही, नुसतं नाव. त्याला ना खुर्ची, ना आत शिरण्याचा परवलीचा शब्द. नाव ठेवलं पंप. आतलं स्वयंपाकघर त्याच्या नावावर लावायचं आणि संगणकाच्या स्वतःच्या यादीत लिहायचं, म्हणजे कोणी येवो न येवो, संगणक उठला की तेही उठेल.

बोलायला सोपं. पंप सुरू केला, तर त्याला आर्वोंच्या खणात ठेवलेली स्क्रिप्ट वाचता येईना. परक्या माणसाला कोण आपला खण उघडू देतं? स्क्रिप्ट बाहेर काढून मोकळ्या जागी ठेवली. मग खिडकीवाल्याला पंपाच्या दारावर थाप मारता येईना. दार पंपाचं, खिडकीवाला तिऱ्हाईत. पडद्यावर तीच थंड ओळ. मागून उत्तर येत नाही. हिल्माला वाटलं, आपण होतो तिथेच आलो. आर्वोंनाही तसंच वाटलं असावं, कारण ते म्हणाले, "मला आता काहीच कळत नाही," आणि हे वाक्य तिनं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"उद्या बघू," ती म्हणाली.

"उद्या किती उरलेत?"

गुरुवारी त्यांनी दोघांना एका गटात घातलं, एका पाळीतले कामगार असतात तसं, आणि दाराची मुभा गटाला दिली. मग कोनाड्यातून नुसता हुंकार ऐकू आला. ते बाहेर आले. बिल्ला त्यांच्या हातात होता.

"मी बाहेर पडलोय," ते म्हणाले. "आता तार उपट."

"कुठली?"

"भिंतीतली. वीज गेली असं समज."

हिल्मानं तार उपटली. पंख्याचा आवाज विरून गेला. तिनं मनाशी काही म्हटलं, आणि तार परत लावली. संगणक घरघरत उठू लागला. आर्वो सवयीनं खुर्चीकडे वळले, आणि हिल्मानं त्यांची बाही धरली.

"तिकडे नाही. माझ्या टेबलावर या."

ते आले. ती उभी राहिली, त्यांना आपल्या खुर्चीत बसवलं. इतकी वर्षं ते पान त्यांनी कायम आतून पाहिलं होतं, बिल्ला लावून. गावातला कुठलाही माणूस घरी बसून बघतो तसं, बाहेरून, हात बांधून, त्यांनी ते कधीच पाहिलं नव्हतं. बोट पुढे करून त्यांनी पान मागवलं.

पांढरा पडदा. थोडा वेळ काहीच नाही.

मग खाडी आली. तडा आला, त्या पलीकडच्या टपरीवाल्यानं रविवारी लाल करून ठेवलेला. एन्सिओचे इंच आले. आर्वो त्यांच्याकडे बघत राहिले, बराच वेळ, जणू ते कुणा दुसऱ्याचं काम होतं आणि त्यांना ते आवडलं होतं.

"का चाललं?" हिल्मानं विचारलं. "म्हणजे, मला कळलं असं वाटतं, आणि मग वाटतं नाही कळलं."

"माझंही तसंच आहे," आर्वो म्हणाले. "पण कोण खाली आहे ते आता फळीवर खरं लिहिलंय. तेवढं पुरे."

ट्रेव्हॅरोनं शुक्रवारी स्वतः येऊन तार उपटली, एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांदा बहुधा मजेखातर. तयार ठेवलेली पाटी त्याच्या गोदामातच राहिली.

शनिवारी करीनची गाडी दारात उभी राहिली. एन्सिओ आधीच आला होता. त्यानं मटारच्या डब्याचं झाकण गोल ठोकून, भोक पाडून आणलं होतं. आर्वोंच्या खिळ्याशेजारी त्यानं दुसरा खिळा ठोकला आणि ते झाकण अडकवलं. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"वाकडं आहे," आर्वो म्हणाले.

"पंपवाला कधी सरळ पाहिलायस?"

आर्वोंनी आपल्या खिळ्यावरचा बिल्ला काढला. बोटांनी एकदा पुसला आणि खिशात टाकला. झाकणाला हात लावला नाही. हिल्मानं निसूचा अख्खा पाव कागदात बांधून दिला. तो त्यांनी कोटाच्या आत, छातीशी धरला.

"एन्सिओ," दारातून ते म्हणाले, "खाडीतून परत आलास की आधी लिहायचं. मग कॉफी."

"दोन इंच कापणार ना अजून?"

"ते पंपाला सांगून ठेवलंय."

ते बाहेर पडले. करीन हात द्यायला पुढे आली, तो त्यांनी घेतला नाही. गुडघे न वाकवता, पाय दोन्हीकडे टाकत, ते गाडीपर्यंत गेले. हिल्मा खिडकीपाशी उभी राहून बघत होती. एन्सिओ पायरीवर, टोपी हातात. गाडी खाडीच्या रस्त्याला लागली आणि चर्चच्या वळणाआड गेली.

हिल्मा टेबलापाशी आली. पान उघडायला तिचा हात पुढे गेला आणि तसाच थांबला. मग तिनं ते उघडलं. खाडी आली, तडा आला.

"काय म्हणतंय?" एन्सिओनं दारातून विचारलं.

"ये, बघ," ती म्हणाली, आणि पुन्हा खिडकीबाहेर पाहिलं. रस्ता रिकामा होता.